रस्ता अपघातात जखमी झाल्यावर: भरपाईचा हक्क, सहा महिन्यांची मुदत आणि कागदांची लढाई

चौकात गाडीने उडवले, पाय मोडला. तिसऱ्या दिवशी गाडीमालकाचा माणूस दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "पन्नास हजार घ्या, केस करू नका, कोर्टात वर्षे जातील." घरात कमावता एकटाच, दवाखान्याचे बिल चढत असते, कोणीतरी नातेवाईक म्हणतो घेऊन टाका. सही होते. सहा महिन्यांनी कळते की पाय पूर्वीसारखा वाकत नाही आणि गवंडीकाम आता जमणार नाही. वस्त्यावस्त्यांत हे घडते, आणि यात सगळ्यात मोठे नुकसान अपघाताने नाही, त्या सहीने होते.

कायदा जखमीच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईविषयीची नवी कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. पण भरपाई किती मिळणार हे बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत जमवलेल्या कागदांवर ठरते. म्हणून हा लेख कार्यकर्त्यांनी जपून ठेवावा आणि कोणाच्या घरी अशी वेळ आली तर हाताशी घ्यावा.

पहिले काही दिवस

उपचाराला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीला अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. रस्ता कोणताही असो, गाडी कोणतीही असो. दवाखान्यात दाखल करतानाच "अपघाताची केस आहे, कॅशलेस योजनेत घ्या" असे स्पष्ट सांगावे. जखमीला उचलून नेणाऱ्याने पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये. कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

दाखल करताना डॉक्टरांना अपघात कसा झाला, कोणत्या गाडीने धडक दिली, हे नीट सांगा, कारण ते केसपेपरवर लिहिले जाते. घाबरलेला नातेवाईक "गाडीवरून पडला" एवढेच सांगतो आणि विमा कंपनीचा वकील दोन वर्षांनी तोच केसपेपर न्यायाधिकरणापुढे ठेवून म्हणतो की दुसरी गाडी नव्हतीच. एका वाक्याने अख्खा दावा डळमळतो.

पोलिसांत गुन्हा नोंदवा. बेदरकार गाडी चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आणि त्यातून दुखापत झाल्याबद्दल कलम १२५ लागते. हाड मोडले असेल तर ती कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच आहे, हे ठाणे अंमलदाराला आठवण करून द्यायला संकोच नको. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाला म्हणून परत पाठवले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची मागणी करा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

गाडीचा नंबर मिळाला असेल तर एम-परिवहन अॅपवर विम्याची मुदत दिसते. घटनास्थळाचे, गाडीच्या पुढच्या भागाचे, रस्त्यावरच्या खुणांचे फोटो त्याच दिवशी काढा. जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर पोलिसांना लेखी अर्ज देऊन ते चित्रण जप्त करायला सांगा. अशी चित्रणे फार दिवस टिकत नाहीत, काही दिवसांत त्यावरच नवे चित्रण चढते.

पोलिसांनी काय करायचे असते

हा भाग फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला त्याचे हक्क समजावणारा ठरावीक नमुनाही द्यायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सर्व राज्यांत काटेकोर पाळण्याचे आदेश दिले. कलम १६६(४) नुसार पोलिसांचा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून चालू शकतो.

प्रत्यक्षात सगळीकडे हे वेळेवर होतेच असे नाही. म्हणून पोलिसांच्या अहवालावर विसंबून घरी बसू नये, स्वतःचा दावा स्वतः दाखल करावा. मात्र अहवालाची मागणी लेखी करत राहावे, अर्जावर पोच घ्यावी.

दावा कुठे, कधी, कोणावर

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी असते. अपघात जिथे झाला तिथे, किंवा जखमी जिथे राहतो वा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे दावा करता येतो. नांदेडचा मजूर पुण्यात जखमी झाला तर त्याला तारखांसाठी पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही, नांदेडला दावा टाकता येतो. प्रवासाचे भाडे परवडत नाही म्हणून सोडलेले दावे या एका तरतुदीने वाचतात.

मुदत सहा महिन्यांची आहे, अपघाताच्या तारखेपासून. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेश म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. ज्याचे सहा महिने उलटून गेले आहेत त्याने आशा सोडू नये, आणि ज्याचे उलटले नाहीत त्याने या आदेशाच्या भरवशावर थांबू नये. शिवाय व्याज दावा दाखल केल्याच्या तारखेआधीपासून मिळत नाही. उशीर केला तर तेवढ्या महिन्यांचे व्याज बुडते.

प्रतिवादी म्हणून चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही घ्यावे. एसटीची बस असेल तर महामंडळाला. "गाडी मी केव्हाच विकली" असे मालक सांगतो तेव्हा नोंदणी पुस्तकावर कोणाचे नाव आहे ते पाहा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या निकालानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. जुन्या गाड्या तीन-तीन हात फिरतात आणि नाव पहिल्याचेच राहते, तेव्हा हा निकाल कामाला येतो. रिक्षा आणि ट्रकची धडक होऊन रिक्षातला प्रवासी जखमी झाला, तर दोघांपैकी चूक कोणाची किती हे सिद्ध करत बसण्याचे ओझे प्रवाशावर नाही. तो कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो.

चालकाकडे परवाना नव्हता म्हणून विमा कंपनी हात वर करते. अशा वेळी न्यायाधिकरणे बहुधा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. स्वर्णसिंग प्रकरणाच्या २००४ च्या निकालापासून हा मार्ग रुळला आहे. विमाच नसेल तर आदेश मालकावर होतो, आणि तो भरत नसेल तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते.

फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणजे दावा गेला असे नाही. तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो, न्यायाधिकरणात शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते.

रक्कम कशी ठरते

इथे थोडे थांबून आकडे पाहू, कारण फसवणूक इथेच होते.

समजा, २८ वर्षांचा गवंडी आहे. महिन्याला १५,००० रुपये कमावतो. अपघातानंतर त्याच्या पायाला कायमचे अपंगत्व आले आणि त्यामुळे त्याची कमाईची ताकद ४० टक्क्यांनी घटली. वर्षाची कमाई १,८०,०००. त्यात भविष्यातील वाढ धरतात. प्रणय सेठी निकालाने (२०१७) ठरवल्याप्रमाणे स्वयंरोजगारी किंवा ठरावीक पगारावरचा माणूस ४० वर्षांखालील असेल तर ४० टक्के, म्हणजे २,५२,००० झाले. मग वयाप्रमाणे गुणक. सरला वर्मा निकालातील (२००९) तक्त्यात २६ ते ३० वर्षांसाठी गुणक १७ आहे. गुणाकार ४२,८४,०००, आणि त्याचे ४० टक्के म्हणजे १७,१३,६००. हे झाले फक्त पुढच्या कमाईचे नुकसान. दवाखान्याचा खर्च, पुढचे ऑपरेशन, अंथरुणावर गेलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, सेवेला थांबलेल्या माणसाचा खर्च, प्रवास, सकस आहार, वेदना, आयुष्यातील आनंदाला मुकणे, हे सगळे त्यावर वेगळे.

आता याच गवंड्याने कमाईचा काहीच पुरावा दिला नाही आणि न्यायाधिकरणाने महिना ८,००० धरले, तर तीच रक्कम ९,१३,९२० होते. जवळपास आठ लाखांचा फरक, निव्वळ कागदांमुळे.

आपल्या माणसांकडे पगारपत्रक नसते. म्हणून कमाई शून्य ठरत नाही. रामचंद्रप्पा प्रकरणात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने एका हमालाची महिना ४,५०० रुपये कमाई कागदी पुराव्याशिवाय मान्य केली. असंघटित कामगाराकडून कागदांची अपेक्षा कशी करणार, असा त्यामागचा विचार होता. २०२१ च्या एका निकालात न्यायालयाने म्हटले की किमान वेतनाची अधिसूचना हा आधार होऊ शकतो, पण तीच कमाल मर्यादा नव्हे. तरीही जे जमेल ते द्यावे: मुकादमाची किंवा ठेकेदाराची साक्ष, बांधकाम कामगार मंडळाचे नोंदणीकार्ड, मजुरी जमा झालेले फोनपेचे व बँकेचे तपशील, हजेरीची वही, बचत गटाच्या हप्त्यांची नोंद. घरकाम करणाऱ्या गृहिणीचेही काम मोलाचे आहे. किर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०२१) या निकालाने तिची काल्पनिक कमाई धरून भरपाई देण्याचा मार्ग पक्का केला. आजी, आई, वहिनी जखमी झाली तर "त्या काही कमावत नव्हत्या" असे कोणी दाव्यात लिहू नये.

दुसरी मेख अपंगत्वाच्या टक्क्यात आहे. डॉक्टर एखाद्या पायाचे किंवा हाताचे अपंगत्व सांगतात. न्यायाधिकरणाने बघायचे असते की त्या माणसाच्या पोटापाण्याच्या कामावर त्याचा परिणाम किती. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) हा निकाल या विषयातला पाया आहे. त्यात दिलेले उदाहरण सोपे आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचा रोजगारच संपतो, पण सरकारी कचेरीतला कारकून त्याच पगारावर राहू शकतो. सैयद सादिक प्रकरणात (२०१४) भाजी विकणाऱ्या तरुणाचा उजवा पाय कापावा लागला होता. उच्च न्यायालयाने कमाईच्या ताकदीची घट ६५ टक्के धरली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती ८५ टक्के केली. भाजीवाला बसूनही धंदा करू शकतो, हा युक्तिवाद चालला नाही.

त्यामुळे दाव्यात नुसते "मजूर" लिहून थांबू नका. काम काय, त्यात उभे राहावे लागते का, ओझे उचलावे लागते का, परातीवर चढावे लागते का, आता यातले काय जमत नाही, हे सविस्तर लिहा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र घ्या, आणि ज्याने उपचार केले किंवा तपासले त्या डॉक्टरची साक्ष होईल याकडे लक्ष ठेवा. नुसते प्रमाणपत्र फाईलला लावले आणि डॉक्टर साक्षीला आलाच नाही, तर त्या कागदाला फारसे वजन राहत नाही. बिले, चिठ्ठ्या, एक्स-रे, रिक्षाभाड्याच्या पावत्या एका पिशवीत तारखेवार ठेवा. औषध दुकानदाराकडून पक्के बिल मागायला लाजू नका.

हेल्मेट नव्हते, मोटरसायकलवर तिघे होतो, परवाना घरी होता, अशी कारणे सांगून जखमीलाच दोषी ठरवतात. मोहम्मद सिद्दिक प्रकरणात (२०२०) न्यायालयाने सांगितले की तिघे बसले होते म्हणून आपोआप निष्काळजीपणात वाटा ठरत नाही. त्या गोष्टीचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो. अर्थात हेल्मेट न घालण्याचे हे समर्थन नव्हे. डोक्याच्या दुखापतीत तो संबंध दाखवणे सोपे जाते.

चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम, आणि त्यातला सापळा

कलम १६४ प्रमाणे चालकाची चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. पैसे लवकर मिळतात म्हणून हा मार्ग बरा वाटतो. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपुष्टात येतो. वरच्या गवंड्याने अडीच लाख घेतले तर सतरा लाखांचा रस्ता बंद. ज्याची चूक सिद्ध होणे अवघड आहे किंवा ज्याची जखम पूर्ण भरून येणारी आहे, त्याच्यासाठी हा मार्ग ठीक. बाकीच्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये. विमा कंपनीचा अधिकारी तडजोडीचा प्रस्ताव घेऊन येतो तेव्हाही हेच.

धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खाली गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळतात. अर्ज न्यायाधिकरणात नाही, महसूल खात्याकडे करायचा असतो: प्रांत किंवा तहसीलदार चौकशी करतात, जिल्हाधिकारी मंजूर करतात. रक्कम तुटपुंजीच आहे, पण अर्जच न केल्याने अनेकांची तीही जाते. पुढे गाडी सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर एवढी रक्कम परत करावी लागते.

कामावर असताना अपघात झाला, म्हणजे ट्रकचा क्लीनर, कंपनीच्या गाडीचा चालक, तर मालकाकडून कामगार म्हणूनही भरपाई मागता येते. पूर्वी त्यासाठी १९२३ चा कायदा होता, आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मात्र दोन्हीकडून घेता येत नाही, एक निवडावे लागते. आणि गाडी स्वतःचीच, चूकही स्वतःची, तर न्यायाधिकरणातून काही मिळत नाही. अशा वेळी पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला आहे का ते पाहावे. कायमच्या अपंगत्वालाही त्यातून रक्कम मिळते. हप्ता वाचवण्यासाठी लोक नेमका हाच भाग वगळतात.

टेम्पोतून जाणाऱ्यांनी वाचावे असे

दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, भीमा कोरेगावला जाताना गावागावांतून माणसे मालवाहू टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतात. खर्च वाचतो हे खरे. पण मालवाहू गाडीतून माणसे नेली आणि अपघात झाला, तर त्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात (२००३) ठरवले आहे. काही प्रकरणांत न्यायालयाने कंपनीला आधी भरायला लावून मालकाकडून वसुलीची मुभा दिली, पण ते प्रत्येकाच्या वाट्याला येईल याची हमी नाही. मग उरतो टेम्पोमालक, आणि त्याच्याकडे बहुधा त्या टेम्पोशिवाय काही नसते. नियोजन करणाऱ्या मंडळांनी परवाना असलेली प्रवासी बस ठरवावी, तिची विमा पॉलिसी, परवाना आणि योग्यता प्रमाणपत्राचे फोटो आधी मागून घ्यावेत. मागे बसणाऱ्याचेही तसेच: मोटरसायकलचा विमा नुसता थर्ड पार्टीचा असेल तर मागच्या स्वाराला त्या पॉलिसीतून सहसा काही मिळत नाही, पूर्ण पॉलिसी असेल तर मिळते.

वकील, दलाल आणि मोफत कायदेशीर मदत

दवाखान्याबाहेर फिरणारे एजंट "आधी काही नको, मिळाल्यावर तीस टक्के द्या" म्हणतात. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा भरपाईत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या धनादेशावर सही देऊ नका. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याबाबत निर्देश दिले आहेत. त्या खात्याचे पासबुक आणि एटीएम कार्ड जखमीच्या हातातच राहिले पाहिजे.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चे कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, कोर्ट फीसुद्धा त्यात येते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही हा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला जोडून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, हेल्पलाइन क्रमांक १५१००. नेमून दिलेला वकील लक्ष घालत नसेल तर तो बदलून मागता येतो, आणि मागावा.

लोकअदालतीत प्रकरण ठेवायचे का, हा प्रश्न मधेच येतो. तिथे पैसे लवकर मिळतात, हे खरे. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वर दिल्याप्रमाणे आपला आकडा आधी स्वतः मांडून घ्या आणि मगच कंपनीचा आकडा ऐका. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, मात्र वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर नाही. निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागवून ठेवा.